जसजीतचा पाय

शनिवारी सकाळी मी इथे स्टुटगार्टला जिना पुसत होतो. या आठवड्याची केरवोखेची, म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याच्या पाळीची, पाटी आमच्या दारावर लटकलेली, आणि तळमजल्यावरच्या आजीबाई कठड्याच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवून बघतात, त्यामुळे टाळाटाळ चालत नाही. खिशातला फोन सारखा थरथरत होता. हनुमाननगरच्या आमच्या जुन्या गल्लीचा ग्रुप. नागपुरात तेव्हा दुपार. जेवणं झालेली, कूलर सुरू, रस्त्यावर कुत्रंही नाही, अन् पोट्टे मोकळे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना मी अजून पोट्टे म्हणतो आणि ते मला 'जर्मन साहेब' म्हणतात. फिट्टंफाट.

दोन मजले होईपर्यंत त्र्याहत्तर मेसेज. आदल्या रात्री कुठल्यातरी चॅनेलवर २००६ चा 'डॉन' लागला होता, शाहरुखचा. आता मुख्याध्यापक झालेल्या एकाने पहिला दगड टाकला, "हे रिमेकवाले बापाच्या फोटोवर पेनानं मिशा काढून राहिले." त्यावर अंगठे, हसरे चेहरे, जोडलेले हात. मग रांगच लागली. अमिताभ तो अमिताभ. प्राण तो प्राण. सलीम-जावेदसारखं लिहिणारे आता कुठून आणायचे. आणि त्या फरहानला, जावेदच्याच पोराला, काहीच कसं वाटलं नाही, घरचीच चोरी केली. आता तर म्हणे तिसराही येणार. २०२३ मध्ये त्याची घोषणा झाली तेव्हापासून हा वाद ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी उगवतो. एक सांगतो. १९७८ चा मूळ 'डॉन' ज्यांनी दिग्दर्शित केला ते चंद्र बारोट जुलै २०२५ मध्ये गेले, तेव्हा याच ग्रुपवर एका माणसाने एक ओळ लिहिली नव्हती. कुणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याचे फोटो फिरत होते. मी दोनदा वर-खाली बघितलं होतं.

फडकं बादलीत टाकलं, पायरीवर बसलो आणि लिहिलं, "मला दोन्ही आवडतात. पण दुसऱ्याला चोर म्हणण्याआधी पहिला नीट बघा."

"जर्मन साहेब उठले," एक जण. "साहेब, सांगा बरं, प्राण कोणत्या पायानं लंगडतो?" दुसरा.

मी तत्काळ सांगितला. डोळ्यासमोर चित्र होतं ना. चुकीचा निघाला. पुराव्यादाखल कुणीतरी बारा सेकंदांची क्लिपही टाकली. मग दिवाळी. "पाय माहीत नाही अन् पिक्चर शिकवून राहिला." आणि शेवटी मुख्याध्यापक, अगदी समजुतीच्या सुरात, "तू तिकडं निवांत राहा ना बावा. इथलं इथले पाहून घेतील."

हे वाक्य लागलं. जिना अर्धाच राहिला आणि आजीबाईंनी संध्याकाळी बेल वाजवली, ते वेगळं.

आता मुद्द्याचं बोलतो, कारण ग्रुपवर बोलू देत नाहीत. १९७८ च्या चित्रपटात डॉन मरतो. शेवटी नाही, इंटरव्हलच्या बराच आधी. पोलिसांच्या पाठलागात जखमी होतो, डीएसपी डिसिल्व्हाच्या गाडीत प्राण सोडतो, आणि पुढचा सगळा वेळ पडद्यावर असतो तो विजय: मुंबईच्या फूटपाथवर गाणं-बजावणं करून दोन अनाथ पोरं सांभाळणारा, पान खाणारा, साधा माणूस. डिसिल्व्हा त्याला शिकवून-पढवून डॉन बनवून टोळीत पाठवतो. म्हणजे ज्या डॉनच्या चालीची, ज्या थंड आवाजाची, ज्या काळ्या चष्म्याची आमची गल्ली चाळीस वर्षं नक्कल करतेय, त्यातला मोठा हिस्सा ही विजयने केलेली डॉनची नक्कल आहे. आम्ही नकलेची नक्कल करत होतो. आरशापुढे उभं राहून, गळ्यात मफलर घालून, मे महिन्यात. हा आख्खा चित्रपटच या प्रश्नावर उभा आहे की नकली माणूस अस्सलाच्या जागी चालून जाऊ शकतो का. उत्तर आहे, चालतो, आणि अस्सलापेक्षा बरा निघतो. त्या चित्रपटाचे भक्त रिमेकला 'नकली' म्हणून शिवी देतात, याहून मोठा विनोद सलीम-जावेदनाही सुचला नसता.

आणि 'मूळ' म्हणजे तरी काय? त्या चित्रपटाचे निर्माते नरिमन इराणी हे खरे कॅमेरामन. आधीच्या एका चित्रपटात बुडाले, कर्ज डोक्यावर, त्यातून वर काढायला मित्रमंडळींनी हा घाट घातला. बिचारे प्रदर्शनाआधीच अपघातात गेले. ज्या पानाच्या गाण्यावर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक वरातीत माणसं लोळली, ते मुळात चित्रपटात नव्हतंच. गोष्ट फार घट्ट आहे, लोकांना श्वास घ्यायला जागा द्या, असं मनोजकुमारनी सुचवल्यावर ते घातलं, असं सांगतात. त्याच गाण्यासाठी किशोरकुमारना फिल्मफेअर मिळालं. म्हणजे तुमच्या बापाच्या फोटोवरची मिशीही मागून काढलेलीच आहे, भाऊ. फक्त तुमच्या जन्माच्या आसपास काढली, म्हणून ती तुम्हाला उपजत वाटते.

यात आणखी भर. १९७९ मध्ये एन. टी. रामारावांनी तेलुगूत हीच गोष्ट केली, १९८० मध्ये रजनीकांतने तामिळमध्ये. त्याचा निषेध हनुमाननगरात झाल्याचं मला आठवत नाही. बाहेरच्याने फोटो काढला तर चालतो, घरातल्या पोराने काढला की पाप.

रिमेक सर्वगुणसंपन्न आहे असं मी म्हणत नाही. त्यातली माणसं कुठे राहतात, काय खातात, भाडं किती देतात, काही कळत नाही. क्वालालंपूर असं दिसतं की जणू रात्री सगळं शहर धुऊन पुसून, माणसं हाकलून, मग कॅमेरा लावलाय. जुन्यात मुंबईचा घाम होता. जसजीत, म्हणजे प्राण, लंगडत्या पायाने दोन पोरांना घेऊन दोरीवरून चालतो तेव्हा पोटात गोळा येतो, कारण खाली खरा रस्ता आहे असं वाटतं. नव्यात उंची कितीतरी जास्त आणि भीती कमी. पानाचं गाणं तर नव्यात फॅन्सी ड्रेससारखं वाटतं. शाहरुखने मेहनत केली आहे, पण ते पान त्याला कुणीतरी आणून दिलंय, त्याने स्वतः ठेल्यावर उभं राहून 'चुना कमी' म्हणून सांगितलेलं नाही. हा फरक नागपूरच्या माणसाला कळतो. आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणाऱ्याचा हात ओळखू येतो.

जुन्यात टोळीची सगळी भानगड एका लाल डायरीत आहे. नव्यात ती डिस्कमध्ये आहे, कारण २००६ मध्ये तीच आधुनिक गोष्ट. गंमत अशी की आज डायरी जुनी वाटत नाही आणि डिस्क वाटते. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला ती घालायची फटच नाही. नवेपणाला एवढी घाई करू नये, हा धडा मी फरहानला जरूर देईन. पण चोर नाही म्हणणार.

कारण एका जागी त्याने जे केलं ते बापाच्याही पुढचं आहे. जुन्यात डीएसपी डिसिल्व्हा सज्जन. इफ्तेखारचा चेहरा बघूनच आपण खिशातलं पाकीट त्याच्याकडे ठेवायला देऊ. विजय खरा कोण हे जगात फक्त त्याला ठाऊक, आणि तोच मारला जातो. मग विजय ओरडून सांगतो की मी डॉन नाही, आणि कुणाचा विश्वास बसत नाही. साक्षीदार मेला. नव्यात तो सज्जन डिसिल्व्हाच खरा खलनायक निघतो. अठ्ठावीस वर्षांत आपल्याकडे वर्दीवरचा भरवसा कुठून कुठे आला, हे त्या एका बदलात आहे. आणि शेवट. वीस वर्षं होत आली, आता रहस्य कसलं. नव्यात डॉन मेलेलाच नसतो. हॉस्पिटलात अदलाबदल झालेली असते. जो विजय म्हणून टोळीत परत गेला तो मुळातच डॉन होता. मेला तो विजय.

हा चित्रपट मी २००६ च्या दिवाळीत स्टुटगार्टला पाहिला. रविवारी दुपारी, एका मल्टिप्लेक्सच्या सर्वांत छोट्या पडद्यावर. आम्ही तीस-चाळीस देशी आणि बाकी जर्मन बायका. टीव्हीवर डब केलेले हिंदी चित्रपट सुरू झाल्यापासून शाहरुखचं तिकडे असं पीक आलं होतं की माझ्या टीमलीडची बायको मला 'करवा चौथ' म्हणजे काय ते समजावून सांगायची. मी विदर्भातला, मला काय माहीत करवा चौथ. तर तो शेवट आला, डॉनने ते शेवटचं बोलून दाखवलं, आणि मी शिट्टी मारली. दोन बोटं तोंडात घालून, नागपूरच्या बर्डीवरच्या टॉकीजमध्ये पहिल्या रांगेतून मारतात तशी. पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळल्या. एक क्षण मला वाटलं, आता हाउसऑर्डनुंग, म्हणजे नियमांची पाटी, काढतात. पण त्या टाळ्या वाजवायला लागल्या. इथे येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि माझ्या आवाजासाठी कुणी टाळी वाजवल्याची ती पहिली वेळ. २००१ मध्ये मी जर्मनीच्या ग्रीन कार्डाच्या योजनेत आलो, त्याच्या आदल्याच वर्षी एका पुढाऱ्याची 'किंडर श्टाट इंडर', म्हणजे 'भारतीयांऐवजी मुलं', ही घोषणा गाजली होती. कुणी तोंडावर काही बोललं नाही कधी. पण मी पाच वर्षं सगळीकडे हळू बोलत होतो.

तेव्हा माझं रिमेकप्रेम कितपत निर्मळ आहे, याची मला शंका आहे. हे ग्रुपवर लिहिलेलं नाही.

ग्रुपवर मी जे लिहिलं ते भलतंच. मी त्यांना जर्मनी शिकवायला गेलो. ही माझी खोड आहे, बायकोही म्हणते. लिहिलं की इथे रविवारी रात्री सव्वाआठला सगळा देश 'टाटऑर्ट' ही पोलिसी मालिका बघतो, १९७० पासून. इन्स्पेक्टर बदलतात, शहरं बदलतात, कधी पोलीस बाईमाणूस, कधी तुर्की आडनावाचा, आणि कुणी छाती बडवत नाही. शिलरची जुनी नाटकं इथे जीन्स घालून करतात. ज्यांना आवडत नाही ते ओरडतात, ज्यांना आवडतं ते टाळ्या देतात, आणि बाहेर येऊन सगळे एकाच बाकावर वाइन पितात. याला म्हणतात प्रगल्भ प्रेक्षक. 'प्रगल्भ' हा शब्द खरंच वापरला. सकाळची वेळ होती.

मेडिकल स्टोअरवाला मित्र हळूच म्हणाला, "त्या टाटऑर्टचं सुरुवातीचं म्युझिक बदललं का रे?"

नाही बदललं. ते डोळे, ती नेम धरल्याची खूण, ते पळणारे पाय, सगळं जवळजवळ १९७० चं आहे तसं आहे, आणि बदलायची नुसती गोष्ट निघाली तरी लोक खवळतात. मागे एकदा मीच त्याला हे कौतुकाने सांगितलं होतं.

"म्हणजे त्यांनी पण मिशा नाही काढल्या," तो म्हणाला.

आणि मग मुख्याध्यापकाने एक जुना फोटो शोधून टाकला. माझाच. २०१० चा, मीच पाठवलेला. स्टुटगार्टच्या स्टेशनासमोर हजारोंची गर्दी, मी त्यात, सायकल धरून, सायकलवर 'ओबन ब्लायबन'चं, म्हणजे 'वरच राहा'चं, हिरवं स्टिकर. खाली त्याने लिहिलं, "हे काऊन बोंबलून राहिले होते साहेब? स्टेशनचा रिमेक नको म्हणून ना?"

त्याला उत्तर नव्हतं. जुन्या स्टेशनाच्या दोन्ही बाजूंचे भाग पाडायचे आणि रूळ जमिनीखाली न्यायचे, म्हणून हे प्रगल्भ लोक महिनोन्‌महिने दर सोमवारी रस्त्यावर होते. ३० सप्टेंबर २०१० ला स्टेशनालगतच्या श्लॉसगार्टन बागेत पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, शेकडो लोक जखमी झाले, आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात केली. मी तिथे होतो. झाडांना मिठी मारून बसलेल्या म्हाताऱ्या बायका मी पाहिल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जेवलो नाही. चेस्टनटची, प्लेनची झाडं, ज्यांची नावं मला इथे आल्यावर शब्दकोशात बघावी लागली.

आता हे सांगितलं तर ते पण सांगावं लागेल.

बाबा २०१४ मध्ये गेले. हनुमाननगरचं घर बैठं, समोर अंगण, अंगणात कडुनिंब. उन्हाळ्यात त्याच्याखाली बाजा टाकून झोपायचो. सकाळी चादरीवर बारीक पांढरा मोहर पडलेला असायचा, केसांत, कानात. २०१७ मध्ये दादाने फोन केला, बिल्डर आलाय, फ्लॅटची स्कीम करायची म्हणतो, तुझी सही लागेल. म्युनिकच्या वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करून पाठवलं. पावणेतीन तास जायला, पावणेतीन यायला, मध्ये अर्धा तास काम. मग दादाची मेल आली. बिल्डर म्हणतो झाड वाचवायचं तर गाड्यांच्या दोन जागा कमी होतील, तुला काय वाटतं. मी मीटिंगमध्ये होतो. टेबलाखाली फोन धरून उत्तर दिलं. एक ओळ, इंग्रजीत: पार्किंग आधी बघ, पुढे विकताना तेच बघतात.

दादाने 'बरं' लिहिलं. नंतर तो विषय आमच्यात निघाला नाही. सायकलवरचं स्टिकर तेव्हाही होतं. अजून आहे, कडा उडाल्यात.

म्हणून जेव्हा ग्रुपवरचे लोक म्हणतात की जुनं ते जुनं, त्याला हात लावू नका, तेव्हा माझा संताप होतो तो काही सिनेमाच्या अभ्यासातून होत नाही. यातल्या अर्ध्यांनी आपापली घरं स्कीमला दिलीत. मुख्याध्यापक सहाव्या मजल्यावर राहतो, लिफ्टमध्ये आरसा आहे. बापाची घरं पाडली, बापाचा पिक्चर तेवढा सांभाळतायत. मी दोन्ही पाडायला तयार आहे, निदान सुसंगत तरी आहे. असं मी स्वतःला समजावतो. पण त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नाही. त्यांनी घर पाडलं आणि त्याच जागेवर वर चढून राहिले. मी पाडलं तेव्हा मीटिंगमध्ये होतो.

मागच्या डिसेंबरात गेलो होतो. दोहावरून थेट नागपूर, त्या विमानात निम्मे लोक मराठी बोलतात आणि मी मनातल्या मनात तालीम करतो. खरं सांगतो. 'काऊन', 'बे', 'करून राहिला', 'हाव ना'. डिसिल्व्हा विजयला शिकवतो तसं मीच मला शिकवतो, कारण तेवीस-चोवीस वर्षं घरात बायकोशी पुणेरी वळणाचं मराठी आणि बाहेर जर्मन, जीभ गंजते. दुसऱ्या दिवशी दादाबरोबर मेडिकल चौकाजवळच्या पानठेल्यावर गेलो. ठेलेवाला पंचविशीतला पोरगा, एका हाताने पन्नीत खर्रा घोटत होता, दुसऱ्या हातात फोन. मी म्हणालो, "एक मिठा लाव ना बे, चुना कमी."

त्याने मान वर केली. माझे बूट बघितले. "कहाँ से आए हो, साब?"

"इथलाच ना मी. हनुमाननगरचा."

"अच्छा अच्छा," तो हसला, आणि पुढेही हिंदीतच बोलत राहिला. नागपुरात मराठी माणसाशीही ठेल्यावर हिंदी चालते, त्यात विशेष काही नाही, हे मला माहीत आहे. पण दादाशी तो मराठी बोलला. मी पाचशेची नोट काढली तर सुट्टे नव्हते. "स्कॅन कर लो." स्कॅन करायला लागतं ते माझ्या फोनमध्ये नाही. दादाने खिशातून फोन काढला, टुक केलं, आणि मी तोंडात पान घेऊन उभा राहिलो. कुणीतरी आणून दिलेलं.

डॉनची वाट अकरा देशांचे पोलीस बघत होते. माझी फाइल आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, एकाच बाईंकडे होती, 'के' ते 'एम' आडनावांच्या. २०१२ मध्ये त्यांनी हस्तांदोलन करून मला जर्मन केलं. भारतीय पासपोर्ट नियमाप्रमाणे परत केला, तो रद्दचा शिक्का बसून आठवण म्हणून माझ्याकडे परत आला. त्यातल्या फोटोत मी सत्तावीस वर्षांचा आहे, बर्डीवरच्या स्टुडिओत काढलेला, मागे निळा पडदा, केसांना तेल. आता ओसीआय कार्ड आहे. त्यात 'सिटिझन' शब्द आहे आणि मत नाही. जर्मनीने २०२४ मध्ये दोन नागरिकत्वं ठेवायला मोकळीक दिली, पण भारत देत नाही, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग शून्य.

शाहरुखच्या 'डॉन'मध्ये विजय मेला यावर कुणी रडत नाही, हे मला अलीकडे खटकायला लागलं. २००६ मध्ये मी शिट्टी मारली होती. साधा माणूस, अंगावरची जबाबदारी म्हणून भलत्याचं सोंग घ्यायला तयार झाला, आणि हॉस्पिटलच्या पलंगावर दुसऱ्याच्या नावाने मेला. ज्या पोरासाठी त्याने हे केलं, त्या पोरालाही कळलं नाही की परत आला तो वेगळाच आहे. चित्रपट एक अश्रू त्याच्यावर खर्च करत नाही. प्रेक्षकही करत नाही. डॉन सुटला याच्या आनंदात बाहेर पडतो. हा रिमेकचा दोष आहे की त्याचं सगळ्यात धारदार पान, ते मला ठरवता आलेलं नाही. पण बापाच्या चित्रपटात विजय शेवटी आपलं नाव परत मिळवतो, पोरं त्याला ओळखतात, डायरी सापडते. १९७८ मध्ये तसं लिहिता येत होतं. हेच मला त्या पोट्ट्यांना सांगायचं होतं, आणि त्यांनी मला पाय विचारला.

पायाचं मात्र मी सोडलं नाही. रविवारभर डोक्यात तेच. माझ्या डोळ्यासमोर प्राण स्पष्ट लंगडतो, आणि चुकीच्या पायाने लंगडतो. नुसतं विसरणं वेगळं. मला चुकीचं स्पष्ट आठवत होतं. मग यू-बानच्या, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेच्या, खिडकीत माझंच प्रतिबिंब बघताना एकदम लक्षात आलं. भांग. माझ्या आठवणीत अमिताभचा भांगही उलट्या बाजूला आहे.

गणपती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गल्लीच्या टोकाला दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणलेला, सोळा एमएमचं मशीन घरघरतंय, रीळ बदलताना पोरांचा आरडाओरडा, आणि पुढची सगळी जागा भरलेली. आम्ही उशिरा पोचलो, म्हणून पडद्याच्या मागे बसलो, ओल्या जमिनीवर पोतं टाकून. मागून चित्र दिसायचं तसंच, फक्त उलटं. नावं वाचता यायची नाहीत. सगळेजण डावखुरे. मला वाटायचं मुंबईची माणसं डावखुरी असतात. मी 'डॉन' पहिल्यांदा पाहिला तो पडद्याच्या पाठीमागून, आरशातला, आणि आयुष्यभर तोच मूळ म्हणून घेऊन फिरलो. म्हणजे पाय चुकला नाही. तो चुकीचा पाय फक्त त्यालाच आठवेल जो त्या रात्री तिथे, पडद्याच्या मागे, बसला होता.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. लांबलचक, परिच्छेद पाडून. दोन निळ्या खुणा आल्या, मग बराच वेळ काही नाही. मुख्याध्यापकाने लिहिलं, "हे साहेबानं आता बसून बनवलं." मेडिकलवाल्याने अंगठा दिला, त्याचा अर्थ कधीच लागत नाही. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं, पोतं त्यांनीच आणलं होतं. मला वाटलं, संपलं.

दादा या ग्रुपवर कधी बोलत नाही. फक्त वाचतो. रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला, ग्रुपवरच, अकरा सेकंदांचा. मागे टीव्ही, वहिनींचं भांडं पडल्याचा आवाज, मग दादा, खाकरून:

"बरोबर सांगून राहिला तो. मागंच बसलो होतो आपण. उशीर याच्यामुळंच झाला, निघायच्या टायमाला यालाच शू लागली होती."